हरणाच्या शिकारीसाठी रायफल: कॅलिबर आणि नळीची लांबी कशी ठरवायची

भारतात वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली शिकारीला बंदी आहे. म्हणून हे टिपण अमेरिकेत राहणाऱ्या, परवाना काढून रीतसर हंगामात हरणामागे जाणाऱ्या मंडळींसाठी आहे. दुकानात गेलं की आधी कॅलिबरची (गोळीच्या व्यासाची, पर्यायाने काडतुसाची) चर्चा होते, मग कंपनीची, आणि नळी मात्र जी मिळेल ती घेतली जाते. हा क्रम उलटा आहे. सुरुवात सावज आणि अंतर यांपासून करायची. गोळी सावजापर्यंत पोचेल तेव्हा तिला किती वेग हवा ते आधी ठरवायचं आणि तिथून मागे मोजत नळीच्या तोंडापर्यंत यायचं. कॅलिबर आणि नळी हा एकच हिशेब आहे.

आधी राज्याचं नियमपुस्तक

न्यू जर्सीत मराठी माणसं पुष्कळ, पण तिथं हरणासाठी रायफल चालतच नाही. छर्ऱ्याची बंदूक, ठासणीची बंदूक नाहीतर धनुष्यबाण. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलं की बहुतेक भागात रायफल चालते. ओहायोत हरणासाठी सरळ टरफलाची काडतुसंच लागतात, म्हणजे ज्यांचं टरफल गोळीच्या मागे गळ्यासारखं आवळलेलं नसतं अशी. त्यामुळे .३०८ किंवा .२७० ही नेहमीची काडतुसं तिथं बाद. विंचेस्टरने २०१९ साली काढलेलं .३५० लीजंड हे अशाच राज्यांच्या नियमांत बसणारं काडतूस आहे. कोलोराडोत मोठ्या सावजासाठी किमान .२४ कॅलिबर, किमान १६ इंच नळी, फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर किमान १००० फूट-पौंड ऊर्जा, शिवाय गोळीचं वजन हरणाला किमान ७० ग्रेन (सुमारे साडेचार ग्रॅम) आणि एल्कला (मोठ्या जातीच्या हरणाला) ८५ ग्रेन, असा स्पष्ट नियम आहे. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून चालू वर्षाचं पुस्तक वाचल्याशिवाय रायफल पाहूही नका.

एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर आणखी एक गोष्ट. संघराज्याच्या कायद्याने अशा व्यक्तीला बंदूक आणि काडतुसं बाळगायला एरवी मनाई आहे. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना हा त्याला मुख्य अपवाद. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, रायफल कपाटात कुलूपबंद असली तरी. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अडचण नाही.

आकडे कसे वाचायचे

काडतुसाच्या नावातला आकडा साधारण गोळीचा व्यास सांगतो, पण ताकद सांगत नाही. .३०-३०, .३०८ विंचेस्टर, .३०-०६ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या चारही काडतुसांत .३०८ इंच व्यासाचीच गोळी असते. फरक असतो मागच्या दारूचा. .३०८ मध्ये ४५ ग्रेनच्या आसपास दारू मावते, तर .३०० मॅग्नममध्ये ७० च्या आसपास. नावं फसवीही असतात: .२७० ची गोळी प्रत्यक्षात .२७७ इंचांची असते आणि .३०-०६ मधला '०६' म्हणजे १९०६ हे साल. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. १५० ग्रेन म्हणजे सुमारे ९.७ ग्रॅम.

पोचताना वेग किती?

शिकारीची गोळी शरीरात शिरल्यावर फुलली पाहिजे. शिशावर तांब्याचं वेष्टण असलेल्या बहुतेक गोळ्यांना त्यासाठी सेकंदाला सुमारे १८०० फूट वेग लागतो. निव्वळ तांब्याच्या गोळीला २००० धरावा. नेमका आकडा त्या गोळीच्या कंपनीच्या माहितीत दिलेला असतो. तो शोधाच, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. वेग याहून कमी पडला तर गोळी न फुलता बारीक भोक पाडून आरपार जाते. हरीण पळतं, रक्त थेंबथेंब पडतं आणि अंधार होईपर्यंत माग सापडत नाही. उलटंही होतं. ३००० फुटांच्या वेगाने निघालेली हलकी, साधी गोळी ४० यार्डांवर फऱ्याच्या हाडावर बसली की तिथंच फुटून विखुरते. आत पुरेशी जात नाही आणि पुढचा सगळा फरा रक्ताळून वाया जातो.

आता मागे मोजू. .३०८ ची १५० ग्रेनची टोकदार गोळी २४ इंची नळीतून साधारण २८२० फुटांनी निघते आणि दर १०० यार्डांमागे सुमारे २०० फूट गमावते. म्हणजे २०० यार्डांवर २४०० च्या जवळ, ३०० वर २२०० आणि ४०० वर २००० राहतात. ६.५ क्रीडमूरची १४३ ग्रेनची लांब, निमुळती गोळी २७०० नेच निघते, पण हवा कापत जाते म्हणून १०० यार्डांमागे १४० च आसपास गमावते आणि ४०० वर २१५० च्या घरात असते. .३०-३० ची चपट्या तोंडाची १५० ग्रेनची गोळी २३९० ने निघून १०० यार्डांवर २००० आणि २०० वर १७०० पर्यंत घसरते. ते काडतूस दीडशे यार्डांचंच आहे. रान दाट असेल तर तेवढं पुरतं. (नळीखालच्या नळकांडी मॅगझिनमध्ये साधी कडक टोकाची गोळी कधीही भरू नका. प्रत्येक टोक पुढच्या काडतुसाच्या बुडातल्या, बार पेटवणाऱ्या टोपीवर टेकलेलं असतं आणि धक्क्याने बार होऊ शकतो.)

ऊर्जेचा हिशेब सोपा आहे: ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. हरणाला १००० आणि एल्कला १५०० फूट-पौंड असा जुना संकेत आहे. वर दिलेली .३०८ ची गोळी ३०० यार्डांवर १६०० आणि ४०० वर १३०० च्या थोडी वर देते. म्हणजे एल्कसाठी तिची हद्द ३०० च्या जरा पुढे, हरणासाठी ४०० च्याही पलीकडे. पण ऊर्जेच्या आकड्यावर फार विसंबू नये. जिव्हारी लागलेली १२०० फूट-पौंडांची गोळी पोटात लागलेल्या ३००० वाल्या गोळीपेक्षा केव्हाही बरी.

आणि अंतर कुठलं धरायचं? रानातलं जास्तीत जास्त अंतर नाही, तुमचं. आठ इंची कागदी ताटली लावा. व्हाइटटेल हरणाचं जिव्हार साधारण तेवढंच असतं. बाकावरून नाही, तर बसून किंवा गुडघ्यावर, थंड नळीने पाच बार काढा. पाचही ताटलीत बसतात ते शेवटचं अंतर ही तुमची हद्द. बहुतेकांची ती २०० यार्डांच्या आत निघते. बाजारातली निम्मी मॅग्नम काडतुसं तिथंच बाद होतात.

धक्का

कॅलिबर निवडताना सर्वात कमी विचार याचा होतो आणि सर्वात जास्त नेम यामुळेच चुकतात. आठ पौंडांच्या रायफलीत .२४३ चा धक्का सुमारे ९ फूट-पौंड असतो, ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८ चा १२-१३, .३०८ आणि .२७० चा १६-१७, .३०-०६ चा २०, आणि .३०० मॅग्नमचा २६ च्या वर. नियमित सराव नसलेल्या माणसाला १५ च्या पुढे त्रास व्हायला लागतो. रायफल सहा पौंडांची 'माउंटन' जातीची असेल तर हेच आकडे तिसऱ्या हिश्श्याने वाढतात. दुकानात हलकी रायफल हातात छान वाटते, रेंजवर दहाव्या बाराला नाही.

धक्क्याची धास्ती बसली आहे की नाही हे स्वतःला कळत नाही. सोबत्याला मॅगझिन भरायला द्या आणि खऱ्या काडतुसांत मधेच एक-दोन सरावाची नकली काडतुसं घालायला सांगा. नकलीवर चाप ओढताना नळीचं तोंड खाली बुडालं किंवा डोळा मिटला तर कॅलिबर तुमच्यासाठी मोठं आहे, किंवा दस्ता तरी मापाचा नाही. नळीच्या तोंडाला ब्रेक (वायू बाजूला वळवणारा तुकडा) लावून धक्का कमी होतो हे खरं, पण आवाज मागे तुमच्याच कानांवर येतो. रायफलीचा बार १६० डेसिबलच्या आसपास असतो आणि १४० च्या वर कानाला कायमची इजा होऊ शकते. रानात बिनसंरक्षणाचे असाल तर ब्रेक नको.

मग घ्यायचं काय?

नुसतं व्हाइटटेल किंवा म्यूल डीअर आणि अंतर ३०० च्या आत असेल तर ७ एमएम-०८, ६.५ क्रीडमूर किंवा .३०८ यांतलं कुठलंही. तिघांत फरक शोधत बसणं हा वेळ घालवण्याचा छंद आहे. .३०८ ची सरावाची काडतुसं स्वस्त आणि सगळीकडे मिळतात, ६.५ चा धक्का कमी, ७ एमएम-०८ मधोमध पण खेड्यातल्या दुकानात कधी कधी सापडत नाही. शरीराने लहान किंवा नवख्या माणसाला .२४३, १०० ग्रेनच्या मजबूत गोळीसह. हरणाला उत्तम, एल्कला नको. एल्कही करायचा असेल तर .३०-०६, १६५ किंवा १८० ग्रेन. शंभराहून अधिक वर्षं झाली तरी त्याला निवृत्त करण्याजोगं कारण सापडलेलं नाही. टेक्सासात रानडुकरांसाठीही .३०८ पुरतं. .३०० मॅग्नम घ्यायचं ते ४०० यार्डांवर एल्क मारण्याइतका सराव असेल तरच.

यांपैकी .२४३, ६.५ क्रीडमूर, ७ एमएम-०८ आणि .३०८ ही आखूड यंत्रणेत (बोल्ट मागेपुढे सरकतो त्या भागात) बसतात. .२७० आणि .३०-०६ ला लांब यंत्रणा लागते, म्हणजे रायफल साधारण अर्धा इंच लांब आणि थोडी जड.

नळी

काडतुसाच्या डब्यावर छापलेला वेग बहुधा २४ इंची चाचणी-नळीतला असतो. तुमची नळी आखूड असेल तर तो तुम्हाला मिळणार नाही. .३०८ घराण्यात इंचामागे २० ते २५ फूट जातात, .२७० आणि .३०-०६ मध्ये २५ ते ३०, मॅग्नममध्ये ३० ते ४० किंवा जास्त. कारण साधं आहे: भोक तेवढंच असून जाळायची दारू जितकी जास्त, तितकी तिच्या वायूला गोळी ढकलायला लांबी जास्त लागते. सरळ टरफलाच्या काडतुसात दारू कमी असते, तिचं काम १६ ते १८ इंचांत उरकतं.

आता हे अंतरात बदला. .३०८ ची नळी २४ ऐवजी १८ इंच घेतली तर सुमारे १३० फूट गेले. दर १०० यार्डांना २०० फूट या हिशेबाने ते ६५ यार्डांएवढे. म्हणजे १८ इंची रायफलीची गोळी ३०० वर जे करते ते २४ इंचीची ३६५ वर करते. तुमची हद्द २०० यार्ड असेल तर या तोट्याचा तुमच्याशी संबंध नाही. गोळी खाली किती पडते त्यातही फारसा फरक नाही: २०० यार्डांवर शून्य केलेली (म्हणजे स्कोप असा लावलेली की २०० वर गोळी नेमक्या नेमावर बसते) .३०८ ही ३०० वर आठ-साडेआठ इंच खाली जाते, आखूड नळीत आणखी एक इंचाच्या आतबाहेर.

मॅग्नमचं मात्र असं नाही. .३०० मॅग्नमची १८० ग्रेनची गोळी २४ इंचांत २९६० फूट देते. नळी १८ इंच केली की ४० च्या दराने २४० गेले आणि राहिले २७२०. हा वेग .३०-०६ ची तेवढ्याच वजनाची गोळी साध्या रायफलीतून देते. म्हणजे धक्का, आवाज, ज्वाळा आणि काडतुसाची किंमत मॅग्नमची, काम .३०-०६ चं. मॅग्नम घेतलं तर २४ इंचांखाली जाऊ नका, उघड्या माळावर २६ घ्या.

लांब नळी जास्त अचूक असते हा समज उघड्या माशी-खाचेच्या काळातला आहे. तेव्हा दोन खुणांमधलं अंतर वाढलं की नेम सुधारायचा. स्कोप असला की त्याला अर्थ नाही. उलट तेवढ्याच जाडीची आखूड नळी ताठ असते आणि कमी थरथरते.

ढोबळ मापं अशी धरा: आखूड यंत्रणेच्या काडतुसांना मचाणावर किंवा दाट रानात १८, इतरत्र २० ते २२; .२७० आणि .३०-०६ ला २२; .३०-३० च्या लिव्हर रायफलीला नेहमीची २० पुरते. साधी २२ इंची बोल्ट रायफल एकूण ४२ इंचांच्या आसपास भरते. मचाणावर, लाकडी खोक्यासारख्या ब्लाइंडच्या खिडकीत, किंवा गाडीतून उतरताना १८ इंचीपेक्षा जास्तीचे ते चार इंच दरवेळी आड येतात.

सायलेन्सर लावायचा विचार असेल तर आत्ताच धरा, कारण तो सहा ते आठ इंच वाढवतो. १८ अधिक ७ म्हणजे पंचवीस, चालतं. २४ अधिक ७ एकतीस, ब्लाइंडमध्ये वळवता येत नाही. तोंडाला आटे पाडलेली नळी घ्या; .३० आणि ६.५ ला नेहमीचं माप ५/८-२४ (५/८ इंच व्यास, इंचाला २४ आटे). सायलेन्सरवरचा २०० डॉलरचा संघराज्याचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला आहे, पण नोंदणी आणि मंजुरी लागतेच. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय इथं सामान्य माणसाला सायलेन्सर ठेवताच येत नाही.

नळी कापून घेणार असाल तर १६ इंच ही कायद्याची किमान मर्यादा, एकूण लांबी किमान २६. मोजायचं असं: रायफल रिकामी आहे याची खात्री करून बोल्ट बंद करा, तोंडातून काठी आत टेकवा, तोंडापाशी खूण करा, काठी काढून मोजा. कायमचा जोडलेला ब्रेक धरला जातो, फिरवून निघणारा नाही. नेमक्या १६ वर कापू नका, पाव-अर्धा इंच जास्त ठेवा. हे काम कारागिराकडूनच करून घ्या. कापलेल्या तोंडाची कड जराशी जरी वाकडी राहिली तरी बाहेर पडणाऱ्या गोळीमागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि नेम विस्कटतो.

पीळ

नळीच्या आतल्या, गोळीला फिरवणाऱ्या वळणदार खाचा किती इंचांत एक फेरा घेतात तो पीळ. गोळी जितकी लांब तितका जलद पीळ हवा, नाहीतर ती हवेत डगमगते आणि कागदावर गोल भोकाऐवजी लांबट, आडवं भोक पडतं. .३०८ ला दहा इंचांत एक फेरा सगळ्या शिकारी वजनांना पुरतो, ६.५ क्रीडमूरला आठ. .२४३ च्या बऱ्याच रायफलींत तो दहाचा असतो; त्यात १०० ग्रेनची नेहमीची गोळी चालते, लांब निमुळती जड गोळी चालेलच असं नाही. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. कॅलिफोर्नियातल्यांनी म्हणून वजन एक पायरी उतरवावं: .३०८ मध्ये १६५ ऐवजी १५० किंवा १३०. वेग वाढतो आणि तांब्याला तोच हवा असतो.

दुकानात आणि रेंजवर

बोल्ट उघडून चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहा, विक्रेत्याने पाहिलं असलं तरी. मग हंगामात घालायचं जाड जाकीट घालून रायफल खांद्याला लावा. दस्त्याची मागची बाजू कोपराच्या खळग्यात टेकवली की तर्जनीचं पेर चापावर सहज आलं पाहिजे. बहुतेक रायफलींत हे अंतर साडेतेरा इंचांच्या पुढे असतं आणि पाच फूट पाच इंचांच्या माणसाला जाकिटावर ते लांब पडतं. मग मान पुढे ताणली जाते, डोळा स्कोपच्या जवळ जातो आणि धक्क्याला भुवई फुटते. पट्ट्या काढून लांबी कमी करता येणारा दस्ता बघा.

रायफल आली की एकाच वजनाच्या तीन कंपन्यांच्या गोळ्या घेऊन प्रत्येकीचे तीन-तीन बार काढा. बारीक शिकारी नळी तीन बारांत तापते आणि पुढचे बार सरकायला लागतात, म्हणून दर तिन्हींनंतर हात लावता येईल इतकी थंड होऊ द्या. जिचे बार कागदावर सर्वात जवळजवळ बसतात ती निवडा, हंगामभर पुरेल एवढी एकाच बॅचची घ्या आणि तिच्यावरच शून्य लावा. कंपनी किंवा वजन बदललं की शून्य पुन्हा लावायचं, कॅलिबर तेच असलं तरी.

घरात एकाहून जास्त कॅलिबर असतील तर प्रत्येकाचा डबा वेगळा आणि रेंजवर एका वेळी एकच बाहेर. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या रायफलीत बसू शकतं आणि बार झाला तर रायफल हातात फुटते. भरण्याआधी टरफलाच्या बुडावरचं नाव नळीवर कोरलेल्या नावाशी अक्षरशः जुळवून पाहा.